फिलिंगची ताकद, दाताची ताकद

दात भरायला आलेला माणूस एक प्रश्न हटकून विचारतो: हे किती वर्षे टिकेल? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधताना दंतशास्त्राने शंभर वर्षे आपले लक्ष मुख्यतः भरायच्या पदार्थावर ठेवले. तो पदार्थ बसवण्यासाठी दाताचा किती चांगला भाग कापला जातो आणि उरलेला दात किती कमजोर होतो, हा हिशेब फार उशिरा मांडला गेला. कमीत कमी दात कापून उपचार करण्याची आजची पद्धत, जिला दंतवैद्य ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ म्हणतात, ती याच हिशेबातून उभी राहिली. या पद्धतीत वापरले जाणारे पदार्थ प्रयोगशाळेतल्या आकड्यांत जुन्या पदार्थांपेक्षा बरेचदा दुबळे दिसतात. तरीही योग्य जागी ते चांगले टिकतात आणि चुकीच्या जागी हमखास फसतात. योग्य जागा कोणती, हा या विषयाचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रीन व्हर्दिमन ब्लॅक यांनी खड्डा कसा कापावा याचे नियम बांधून दिले. १९०८ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथानंतर जगभरच्या दंत महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या तेच नियम शिकवले गेले. कीड जिथवर आहे तिथे थांबायचे नाही. पुढे ती पसरू शकेल अशा सगळ्या खाचा आधीच कापून भरून टाकायच्या, असे त्यांचे सूत्र होते. त्या काळाच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती आणि भरायला होते ते अमलगम, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात ते पारा, चांदी, कथील आणि तांब्याचे मिश्रण. अमलगम दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कापावा लागतो. पातळ थर चावताना फुटतो, म्हणून दीड-दोन मिलिमीटर खोलीही द्यावी लागते. एवढीशी कीड असली तरी खड्डा मोठाच करावा लागे.

त्याची किंमत दात मोजत होता. ती किती, हे १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस या अमेरिकी संशोधकांनी काढलेल्या उपदाढांवर मोजले. नुसत्या रूट कॅनालसाठी वरून छिद्र पाडले तर दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के घटला. वरच्या चावायच्या पृष्ठभागावर खड्डा कापल्यावर तो २० टक्क्यांनी घटला. दाताच्या दोन्ही बाजूंच्या, शेजारच्या दातांना टेकणाऱ्या कडाही कापल्या तेव्हा घट ६३ टक्क्यांवर गेली. रूट कॅनालने दात ठिसूळ होतो असे घरोघरी ऐकू येते, पण खरे नुकसान या दोन कडा गेल्याने होते. मला हा प्रयोग या सबंध विषयातला सर्वांत बोलका वाटतो. फिलिंग कितीही टणक असो, दाताच्या भिंती वाकू लागल्या की एक दिवस भिंतच तुटते आणि फिलिंग जागच्या जागी धडधाकट उरते. जुन्या चांदीच्या फिलिंगशेजारी दाढेचा एखादा उंचवटा उडालेला दंतवैद्यांना नेहमी दिसतो.

दात कमी कापायचा तर पदार्थ चिकटणारा हवा. १९५५ साली रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले की फॉस्फरिक आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, थोडे खरखरीत केले की त्यावर रेझिन पक्के धरते. १९६२ साली राफेल बोवेन यांनी ज्या रेझिनचे पेटंट घेतले त्याच्या पायावर आजचे दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट उभे आहे. दुसरी वाट लंडनमध्ये, सरकारी रसायन प्रयोगशाळेत निघाली. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९ च्या सुमारास काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल एकत्र करून एक सिमेंट बनवले आणि १९७२ साली ते दंतवैद्यांपुढे ठेवले. हेच ग्लास आयोनोमर. ते दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करते, त्याला वेगळा गोंद लागत नाही, ते ओलसर दातावरही धरते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते. ताकद मात्र बेताचीच होती आणि पहिली काही वर्षे ते पुढच्या दातांच्या मुळाशी झिजलेल्या जागा भरण्यापुरतेच राहिले.

त्याला दाढेपर्यंत नेले ते टांझानियातल्या अडचणींनी. १९८०च्या दशकाच्या मध्यात दार-एस-सलाममध्ये काम करणारे डच दंतवैद्य यो फ्रेंकन यांच्यापुढे साधा पेच होता: खेड्यात वीज नाही, त्यामुळे ड्रिल नाही, मग दात काढून टाकण्याखेरीज काही करता येईल का? त्यांनी हातातल्या छोट्या अवजारांनी मऊ पडलेली कीड खरवडून काढली आणि खड्डा चिकटणाऱ्या सिमेंटने बोटाने दाबून भरला. सुई नाही, घरघर नाही. पुढे थायलंड आणि झिम्बाब्वेत ग्लास आयोनोमर वापरून याच्या रीतसर चाचण्या झाल्या. ‘अट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट’, थोडक्यात एआरटी, असे नाव रूढ झाले आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. या पद्धतीला सोसेल असे अधिक घट्ट ग्लास आयोनोमर १९९०च्या दशकात बाजारात आले. जपानी ‘फुजी नाइन’ आणि जर्मन ‘केटॅक मोलर’ ही त्यांतली सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली नावे. सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत आता सुसज्ज दवाखान्यांतही वापरली जाते, विशेषतः घाबरणाऱ्या मुलांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी.

आता ताकदीच्या आकड्यांकडे येऊ. ती मेगापास्कलमध्ये मोजतात. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, ढोबळमानाने शंभर ग्रॅमचा भार. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दात भरण्याच्या ग्लास आयोनोमरची दाबसहनशक्ती निदान १०० मेगापास्कल हवी. चाचणीसाठी चार मिलिमीटर व्यासाचा आणि सहा मिलिमीटर उंचीचा दंडगोल करतात, ३७ अंशांवर एक दिवस ठेवतात आणि दाबून फोडतात. हिशेब केला तर पेन्सिलीहून बारीक असा तो दंडगोल सुमारे सव्वाशे किलो भार पेलतो. घट्ट प्रकारची आजची सिमेंटे याहून बरीच वर जातात, दोनशेच्या आसपास. कॉम्पोझिट अडीचशे ते चारशे, तर चांगले अमलगम एका दिवसानंतर चारशेच्या वर. डेंटिनची, म्हणजे एनॅमलखालच्या थराची, स्वतःची दाबसहनशक्ती तीनशेच्या घरात आणि एनॅमलची त्याहून थोडी जास्त असते.

एवढे वाचून ग्लास आयोनोमर दाढेत टिकायला हरकत नसावी असे वाटते. पण ठिसूळ पदार्थ दाबाने क्वचितच फुटतो. तो वाकताना, ताणाने फुटतो. म्हणून कॉम्पोझिटच्या मानकात वाकवण्याची चाचणी आहे: दोन मिलिमीटर जाड, दोन मिलिमीटर रुंद आणि पंचवीस मिलिमीटर लांब पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्ये दाबायची. चावायच्या पृष्ठभागावर वापरायचे कॉम्पोझिट ८० मेगापास्कलपर्यंत तुटता कामा नये. या पट्टीवर तो भार जेमतेम सव्वादोन किलो होतो. घट्ट ग्लास आयोनोमरची वाकण्यातली ताकद बहुधा वीस ते चाळीस मेगापास्कलच्या दरम्यान भरते. म्हणजे त्याची तशीच पट्टी किलोभराच्या आतबाहेर मोडते. रेझिन मिसळलेले ग्लास आयोनोमर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. तोंडात दाढांवर जास्तीत जास्त जोर पाचशे ते सातशे न्यूटनपर्यंत जातो. रोजचे चावणे त्याच्या कितीतरी खाली असते, पण ते वर्षाला काही लाख वेळा होते. सुपारी फोडणाऱ्या दाढेची तर गोष्टच वेगळी. एका दमात किती भार सोसला यापेक्षा बारीक चीर पडल्यावर पदार्थ ती किती लवकर वाढू देतो, हा गुण तोंडातल्या टिकाऊपणाशी अधिक जुळतो. त्याला चिवटपणा म्हणू. ग्लास आयोनोमर इथे सर्वांत मागे आहे. कंपन्यांची माहितीपत्रके मात्र दाबसहनशक्तीचाच आकडा ठळक छापतात, कारण तो मोठा दिसतो. ते वाचणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याने वाकण्यातली ताकद आणि चिवटपणा यांचे आकडे मागावेत असे मला आग्रहाने वाटते.

प्रयोगशाळेतला आकडा खुर्चीपाशी जसाच्या तसा मिळत नाही, आणि तो कुठे गळतो हे समजून घेण्यासारखे आहे. ग्लास आयोनोमरमध्ये आम्ल काचेच्या कणांचा पृष्ठभाग विरघळवते. आधी कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियमचे आयन सुटतात आणि आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतात. त्यामुळे काही मिनिटांत सिमेंट घट्ट होते. ॲल्युमिनियमचे आयन मागाहून येतात आणि खरी ताकद तेच देतात. हे काम पहिल्या दिवसभर जोरात आणि नंतर कित्येक महिने मंदपणे चालते. सुरुवातीलाच लाळ लागली तर आयन धुऊन जातात आणि पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. उलट फार कोरडे पडले तर बारीक भेगा पडतात. नव्या काँक्रीटला पाणी मारून जपतात तसाच हा काळ असतो. म्हणून भरून झाल्यावर वर व्हॅसलीन किंवा वार्निशचा थर लावतात आणि पहिले काही तास त्या बाजूने चावू नका असे सांगतात. ही सूचना उपचाराचाच भाग आहे. घाईच्या शिबिरात नेमकी तीच विसरली जाते.

त्याहून मोठी गळती पूड आणि द्रव मिसळताना होते. घट्ट प्रकारात वजनाने एका भाग द्रवाला साडेतीन भागांच्या आसपास पूड लागते. हाताने एवढी पूड घोटणे कष्टाचे असते आणि मिश्रण भराभर कोरडे वाटू लागते. मदतनीस नकळत पूड कमी घेते, मिश्रण मऊ आणि सोयीचे होते आणि ताकद झपाट्याने उतरते. शिवाय हाताने घोटताना हवेचे बुडबुडे अडकतात आणि चीर बहुतेक तिथूनच सुरू होते. यंत्रात हलवायच्या मोजक्या कॅप्सूल यावर उपाय आहेत, पण त्या महाग पडतात आणि त्यांना वीज लागते. उष्णतेचाही हिशेब ठेवावा लागतो. तापमान वाढले की सिमेंट लवकर धरते. मे महिन्यात विदर्भातल्या शाळेच्या वर्गात शिबिर लावले तर हातात उरणारा वेळ पुस्तकात दिल्याहून बराच कमी असतो, आणि अर्धवट धरलेले सिमेंट खड्ड्यात दाबले की ते दाताला चिकटत नाही. घोटायची काचेची पट्टी गार करून वापरणे, पण तिच्यावर दव जमू न देणे, एवढी साधी काळजीही फरक पाडते.

कॉम्पोझिटची गळती वेगळ्या जागी होते. प्रकाशाने घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आकसते आणि कडेला फट पडू पाहते. नेहमीच्या प्रकारात दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम भरला किंवा दिवा जुना, मंद असला, तर वरचा भाग टणक आणि तळ अर्धाकच्चा राहतो. दंतवैद्याला वरून ते कळत नाही. लाळ आणि ओल अजिबात चालत नाही, म्हणून दाताभोवती रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, लावावा लागतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत, जिथे भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथे आणखी एक अडचण असते: फ्लोरोसिसने बदललेले एनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे पकड कच्ची राहू शकते. तिथल्या दंतवैद्यांना आम्ल जास्त वेळ ठेवणे किंवा वरचा थर हलकेच घासून घेणे असे मार्ग काढावे लागतात.

ग्लास आयोनोमर बळकट करण्याचे प्रयत्न चाळीस वर्षे चालू आहेत. आधी त्यात चांदीच्या मिश्रधातूची पूड घातली, मग चांदी काचेशी भाजून एकजीव केली. झीज थोडी कमी झाली, रंग गेला आणि चिवटपणात अपेक्षेएवढा फरक पडला नाही. झिर्कोनिया, काचतंतू, नॅनो आकाराचे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हे सगळे करून झाले. जंतुनाशक म्हणून क्लोरहेक्सिडिन मिसळून पाहिले. अगदी थोडे चालते, प्रमाण वाढले की ताकद पडते. रेझिन मिसळणे हा त्यातला सर्वांत यशस्वी बदल ठरला. अलीकडे वेगवेगळ्या आकारांच्या काचकणांचे मिश्रण आणि वर रेझिनचा पातळ लेप अशी जोडणी चांगले निकाल देते आहे. लेपाचे मोल मला पदार्थातल्या बदलाइतकेच वाटते, कारण तो पहिल्या नाजूक दिवसांत सिमेंटला पाण्यापासून वाचवतो.

मग तोंडात प्रत्यक्ष काय घडते? एआरटीच्या अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर चित्र स्पष्ट आहे. दुधाच्या दाढेतला एकाच पृष्ठभागावरचा खड्डा घट्ट ग्लास आयोनोमरने भरला तर दोन वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक फिलिंग शाबूत असतात. कायमच्या दाढांत अशा फिलिंगचे प्रमाण तीन वर्षांनी पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास राहते. खड्डा शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंत गेला असेल, तर दुधाच्या दाढेत दोन वर्षांनी जेमतेम साठ-पासष्ट टक्के उरतात. पदार्थ तोच, दाबसहनशक्तीही तीच. एका जागी सिमेंटला चारी बाजूंनी दाताच्या भिंती असतात आणि त्याच्यावर फक्त दाब येतो. दुसऱ्या जागी एक भिंत नसते, कड उघडी लोंबते आणि चावताना ती वाकते. वाकणे हीच त्याची कमजोरी.

उलट्या बाजूचा पुरावा लिस्बनमध्ये मिळाला. तिथल्या कासा पिया संस्थेतल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या दातांत चिठ्ठीने ठरवून अमलगम किंवा कॉम्पोझिट भरले आणि सात वर्षे पाहिले. ९४.४ टक्के अमलगम टिकले आणि ८५.५ टक्के कॉम्पोझिट. हरले ते कॉम्पोझिट तुटून नव्हे. फिलिंगच्या कडेने पुन्हा लागलेली कीड हे मुख्य कारण होते आणि तिचा धोका कॉम्पोझिटमध्ये साडेतीनपट निघाला. पदार्थाच्या ताकदीवर बोट ठेवणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचावा. कड बंद राहिली नाही तर आतली ताकद कामाला येत नाही, आणि मूल गोड खात राहिले, दात घासत नसले, तर कडेवरची लढाई कोणताच पदार्थ जिंकत नाही. ग्लास आयोनोमर सोडत असलेले फ्लोराइड इथे मदत करते असे प्रयोगशाळेत दिसते; तोंडातला पुरावा तेवढा निःसंदिग्ध नाही, म्हणून केवळ त्या भरवशावर ते निवडणे मला पटत नाही. ते निवडावे ते चिकटण्यासाठी आणि कमी कापण्यासाठी.

कमी कापायचे म्हणजे कीड आत ठेवायची का, हा प्रश्न पालकांना धास्तावतो. आणि मऊ पायावर बसवलेले फिलिंग खचणार नाही का? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एव्हा मर्ट्झ-फेअरहर्स्ट यांच्या चमूने धाडसी प्रयोग केला: खड्डा पडलेल्या दाढांतली कीड तशीच ठेवून फक्त कडेचे एनॅमल स्वच्छ केले आणि वर कॉम्पोझिटने बंद केले. १९९८ साली दहा वर्षांचे निकाल आले. नीट बंद राहिलेल्या दाढांत कीड पुढे सरकली नव्हती. अन्न मिळाले नाही की जंतूंचे काम थांबते. २०१६ सालच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने याला नियमाचे रूप दिले. कडेने निरोगी, टणक दात दिसेपर्यंत साफ करायचे, कारण पकड आणि भार दोन्ही तिथे असतात. मध्यभागी, नसेजवळ, खोल खड्ड्यात मऊ डेंटिन राहू द्यायचे, म्हणजे नस उघडी पडत नाही. किडीने बाधलेल्या डेंटिनवर चिकटपणा कमी असतो हे खरे. म्हणून तर कडेचा निरोगी पट्टा जितका रुंद तितके फिलिंग भक्कम बसते.

हे सगळे आताच ऐरणीवर येण्याचे कारण पारा आहे. पाऱ्याचा वापर घटवण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. २०२२ साली सदस्य देशांनी १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी अमलगम टाळण्याचे ठरवले, अगदी गरज पडली तर अपवाद ठेवून. युरोपीय संघात २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ बंद झाला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर आले. पारा जाण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण एक गोष्ट लपवू नये: अमलगम ओल, घाई आणि नवखा हात हे सगळे सोसत असे. त्याच्या जागी येणारे पदार्थ तसे सोशिक नाहीत. सरकारी दवाखान्यात अमलगम बंद करून कॅप्सूल, रबर डॅम, चांगला दिवा आणि प्रत्येक दातासाठी थोडा जास्त वेळ यांची तरतूद केली नाही, तर गरिबाच्या तोंडात दोन वर्षांत पडणारी फिलिंग बसतील आणि दोष पदार्थाला लागेल.

उरतो तो दोन पृष्ठभागांचा खड्डा, आणि दुधाच्या दाढांत तो फार मोठ्या संख्येने असतो. तिथे ग्लास आयोनोमरला जुंपू नये असे आता पुरावा स्पष्ट सांगतो. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य कीड न खरवडता, सुई न देता, दुधाच्या दाढेवर स्टेनलेस स्टीलची तयार कॅप सिमेंटने दाबून बसवत असत. निकोला इन्स आणि सहकाऱ्यांनी त्याची रीतसर तुलना नेहमीच्या फिलिंगशी केली. २०११ साली आलेल्या पाच वर्षांच्या निकालात दुखणे, गळू होणे अशी गंभीर अपयशे कॅपच्या दाढांत ३ टक्के होती आणि फिलिंगच्या दाढांत १६.५ टक्के, फिलिंग पडणे, झिजणे, पुन्हा कीड लागणे अशी किरकोळ अपयशे ५ टक्के विरुद्ध ४२ टक्के. कॅप बसवल्यावर चावा काही दिवस उंच लागतो आणि काही आठवड्यांत आपोआप जुळतो. इथे सिमेंटवर वाकण्याचा ताण येतच नाही. ते फक्त कॅप धरून ठेवते आणि फट बुजवते, आणि भार पोलाद घेते. ज्यांना कॅपही परवडत नाही किंवा मूल तोंड उघडू देत नाही, तिथे ३८ टक्क्यांचे सिल्व्हर डायमीन फ्लोराइड ब्रशने लावून कीड थोपवता येते. दाताचा किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिर घेणाऱ्या चमूच्या पेटीत म्हणूनच सिमेंटच्या डब्याबरोबर या कॅपचा संच हवा. आणि एक वही हवी, जिच्यात कोणत्या मुलाच्या कोणत्या दाढेत, कोणत्या पृष्ठभागावर काय भरले हे लिहिलेले असेल. पुढच्या वर्षी तोच चमू त्याच शाळेत परत गेला तरच कळेल की कोणते टिकले.